साडेतीन मिलिमीटर

गेलं वर्षभर स्मिता टिपणीसला पिवळ्या वर्तुळावर नेम धरून बाण सोडता येत नव्हता, आणि ही गोष्ट तिच्याशिवाय कुणालाही माहीत नव्हती.

सांगितली असती तरी कुणाला पटली नसती. मनिला, सोल, टोकियो अशा तीन ठिकाणी भारताकडून खेळून आलेली बाई. वाशीत इमारतींपेक्षा मोकळे प्लॉट जास्त होते, तेव्हापासून तिचा सराव चाले. सकाळी सहा ते साडेसात बाण, पावणेआठला कंपनीची बस, दिवसभर तळोज्याच्या रंगद्रव्यांच्या कारखान्यात केमिस्टचं काम. सोसायटीतल्या बायका आधी हसल्या. "काय हो टिपणीसबाई, सीतेला सोडवायला निघालात का?" मग पेपरात फोटो आल्यावर त्याच बायका आपल्या मुलींना घेऊन सराव बघायला येऊ लागल्या.

धनुष्याला वरच्या अंगाला एक उभी पट्टी असते, आणि तिच्यावर वर-खाली सरकणारी एक बारीक पिन. दोरी हनुवटीपर्यंत ओढायची, पिन लक्ष्याच्या मधल्या पिवळ्यावर आणायची आणि बोटं ढिली सोडायची. आठ वर्षं स्मिताने एवढंच केलं होतं. मग गेल्या जानेवारीत एका सकाळी पिन पिवळ्यावर आली आणि बोटं उघडलीच नाहीत. तिने धनुष्य उतरवलं, पुन्हा ओढलं. पुन्हा तेच. दंड भरून आला आणि पिन जराशी घसरून निळ्यावर गेली तशी बोटं आपली आपण, मुकाट्याने उघडली.

दुसरी एखादी रडली असती. स्मिताने वही काढली. महिनाभर ती कशावर नेम धरल्यावर काय होतं ते लिहीत राहिली. काळ्यावर बोटं उघडतात. निळ्यावर उघडतात. लाल पट्ट्यात दहातल्या चार वेळा अडकतात. पिवळ्यावर दहाच्या दहा वेळा. हात निरोगी, डोळे निरोगी, धनुष्य निरोगी. मग उरलं काय, ते वहीत लिहिण्यासारखं नव्हतं.

उपाय तिने गणिताने काढला. पिवळ्याच्या मध्यापासून बरोबर तीस सेंटिमीटर खाली, निळ्या पट्ट्यात नेम धरायचा. लक्ष्य सत्तर मीटरवर, पिन डोळ्यापासून ब्याऐंशी सेंटिमीटरवर. समरूप त्रिकोण मांडले की उत्तर साडेतीन मिलिमीटर. पिन तेवढी खाली घेतली की बघायचं निळ्याकडे आणि बाण जायचा पिवळ्यात. साठ, पन्नास आणि तीस मीटरचे आकडेही तिने असेच काढले आणि पाठ केले.

गणित बरोबर आलं. अडचण हीच, की ते बरोबर आलं. गुण कमी झाले नाहीत, म्हणून कुणाला काही विचारावंसं वाटलं नाही. पट्टीवर शाईने काढलेल्या जुन्या खुणा तिने तशाच ठेवल्या. नवी खूण काढली असती तर कुणीतरी विचारलं असतं. दर वेळी ती पिन जुन्या खुणेवर आणायची, आजूबाजूला बघायची आणि अंदाजाने खाली सरकवायची. प्रयोगशाळेतला वजनकाटा तीन ग्रॅमने चुकतो हे ठाऊक असावं, रोज मनातल्या मनात तीन ग्रॅम वजा करावेत आणि वरिष्ठांना सांगू नये, तसं ते चाललं होतं. वर्षभरात तिचं वजन पाच किलोंनी उतरलं. नवरा म्हणाला, "कारखान्यात तपासणी करून घे." तिने घेतली. सगळं नॉर्मल निघालं.

पंच्याऐंशीच्या डिसेंबरात बँकॉकच्या स्पर्धेसाठी निवडचाचणी ठरली आणि ती, नवल म्हणजे, बेलापूरच्या मैदानावर ठरली. अकरा बायका आल्या होत्या, जागा चार. स्मिता तेहतीस वर्षांची. या खेपेला नाव गळलं तर पुढच्या खेपेला कुणी बोलावणार नाही, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

चाचणी इथे आणण्यामागे मुस्तफा परकार होते. बेलापूरच्या एका कार्यालयात ते ड्राफ्ट्समन. मूळचे तळोज्याचे. एके काळी स्वतः राज्यात पहिले आलेले, पण खांदा दुखावला म्हणून सत्त्याहत्तर साली खेळ सोडलेला. त्याच वर्षी त्यांनी स्मिताच्या हातात पहिलं धनुष्य दिलं. चाचणीची सगळी लक्ष्यं त्यांनीच बांधून घेतली होती. तळोज्याच्या शेतांतला भाताचा पेंढा वळून, त्याची जाड चकती करून, वर रंगीत वर्तुळांचा कागद. "हरियाणावाले बघतील तर म्हणतील, काय पेंढा आहे!" असं ते आठवडाभर सांगत फिरत होते.

सकाळी सत्तर मीटरवर सरावाचे सहा बाण झाले. सहाही पिवळ्यात आणि लालमध्ये. स्मिताने धनुष्य स्टँडवर ठेवलं आणि ती झाडाखाली गेली. मुस्तफासरांच्या बायकोने, करिमुन्निसाभाभींनी, थर्मास आणला होता.

"घे गो, चहा घे. आन् खा काहीतरी. हाडं दिसायला लागली तुझी."

"खेळ झाल्यावर खाते, भाभी."

"खेळ झाल्यावर तर कोनपन खातो."

शिट्टी झाली. स्मिता रेषेवर आली, धनुष्य उचललं. तीन बाण, अडीच मिनिटं. तिने दोरी ओढली, पिन निळ्यातल्या नेहमीच्या जागी आणली आणि सोडलं. दुर्बिणीतून पाहिलं. बाण निळ्यात होता. सहा गुण.

वारा असेल. पण कडेची झेंडी हलतही नव्हती. तिने दुसरा बाण सोडला. तो पहिल्याच्या शेजारी, दोन बोटांच्या अंतरावर जाऊन बसला.

हात चुकला तर बाण विखुरतात. एकाच जागी दोन बाण म्हणजे हात बरोबर आहे आणि माप चुकलं आहे. तिने पट्टीकडे पाहिलं. पिन जुन्या शाईच्या खुणेवर, केसाचाही फरक न करता, नीट बसवलेली होती. स्क्रूही आवळलेला होता.

मिनिटभर उरलं होतं. पिन घाईत सरकवावी तर अंदाज चुकून बाण पेंढ्याबाहेर जाईल. आणि आता पिन खरं सांगत होती. पिवळ्यावर धरायची, सोडायचं, बस. स्मिताने दोरी ओढली. पिन काळ्यातून निळ्यात, निळ्यातून लालमध्ये चढली, पिवळ्याच्या काठाला लागली आणि तिथे सगळं थांबलं. बोटं जणू दुसऱ्या कुणाची होती. तिने धनुष्य उतरवलं. पुन्हा ओढलं. शेजारच्या जागेवरची मीना, कोल्हापूरची एकोणीस वर्षांची मुलगी, आपले बाण संपवून मागे गेलीसुद्धा. रेषेवर स्मिता एकटी राहिली. शिट्टी झाली तेव्हा तिसरा बाण तिच्या दोरीवरच होता.

सहा, सहा, शून्य.

दुसऱ्या गटाच्या बायका रेषेवर गेल्या. त्यांची अडीच मिनिटं आणि नंतर बाण काढून आणायचा वेळ, एवढीच फुरसत होती. मुस्तफासर घाईघाईने आले. चेहरा उतरलेला.

"अगो, झालं काय? पिन तर मी नीट बसवली होती!"

"तुम्ही बसवलीत?"

"तू चहाला गेलीस तेव्हा. बघतो तर खुणेच्या खाली सरकलेली. म्हटलं, स्क्रू ढिला झाला, पोरीच्या लक्षात नाही. चांगली आवळून ठेवली." त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "का? चुकलं काय माझं?"

वेळ मारून न्यायची सोय होती. सर, स्क्रू पुन्हा ढिला झाला असेल, म्हणायचं. सरांनी विश्वास ठेवला असता, स्वतःला दोष दिला असता आणि पुढचं वर्ष गेल्या वर्षासारखंच गेलं असतं. स्मिताने पाण्याची बाटली उघडली, बंद केली.

"सरकली नव्हती, सर. मी सरकवली होती. साडेतीन मिलिमीटर."

"कशाला?"

"मला पिवळ्यावर सोडता येत नाही. जानेवारीपासून. बोटं उघडत नाहीत. म्हणून मी निळ्याकडे बघते."

मुस्तफासरांनी डोक्यावरची टोपी काढली, आत पाहिलं, पुन्हा घातली. स्मिताला वाटलं, आता हे रागावतील. वर्षभर फसवलं म्हणतील. म्हणू देत, असंही वाटलं. म्हणून झालं की संपेल तरी.

"निळ्यावर उघडतात?" त्यांनी विचारलं.

"हो."

"माझी निळ्यावरपण उघडत नव्हती."

स्मिताने बाटली खाली ठेवली.

"खांद्याला काय झालेलं नाही माझ्या. कधीच नव्हतं." ते मैदानाकडे बघत, हळू आवाजात बोलत होते. "सत्त्याहत्तरला नागपुरात, सगळ्यांसमोर, धनुष्य ओढून उभा. सोडवेना. लोकांना काय सांगू, भीती वाटते? कुणाची? कागदाची? म्हटलं, खांदा गेला. सगळ्यांनी मानलं. करिमुन्निसाने पाच वर्षं या धडधाकट खांद्याला तेल चोळलंय, स्मिता. रोज. तिळाचं."

स्मिताला हसू आवरेना. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पुसायचंही तिच्या लक्षात राहिलं नाही. मुस्तफासरांनी आधी इकडेतिकडे पाहिलं, मग तेही हसायला लागले. पंचांनी वळून पाहिलं.

"तुझं तरी डोकं चाललं," सर म्हणाले. "त्रिकोण मांडलास. मी नुसता पळालो."

"पण ही लबाडीच झाली ना, सर?"

"कुठल्या नियमात लिहिलंय, पिवळ्याकडेच बघायचं? बाण कुठं लागला तेवढं मोजतात. तू आकाशाकडे बघून मार, कोण विचारतो? आजार आहे तो आहे. बरा करू. पण तो काय आज दुपारपर्यंत बरा व्हायचा नाही. आज पिन कुठं पाहिजे ती ठेव." मग त्यांच्या लक्षात आलं. "मोजणार कशाने?"

स्मिताच्या पिशवीत सहा इंची स्टीलची पट्टी होती. ती नेहमीच असायची, फक्त ती सगळ्यांसमोर काढायची हिंमत वर्षभर झाली नव्हती. बाण काढून आणल्यावर, पंचांच्या टेबलापाशी, उजेडात, तिने साडेतीन मिलिमीटर मोजले, पिन तिथे आणली आणि गुणलेखकाचं पेन मागून घेऊन नवी खूण काढली. जाड आणि ठळक.

मीना शेजारीच होती. "नवी खूण काढलीसा व्हय ताई? मधेच?"

"जुनी चुकीची होती. वर्षभर."

"अगं बया! आणि तरी एवढं गुण काढतासा?"

त्यानंतरचे बाण स्मिताने सोडले ते निळ्याकडे बघून, आणि आपण निळ्याकडे बघतो आहोत हे न लपवता. आकडे तेच, पिन तीच, तरी दोरी हलकी लागत होती. आधी प्रत्येक बाणामागे एक डोळा लक्ष्याकडे आणि एक डोळा मागच्या माणसांकडे असायचा. आता दोन्ही समोर होते. सत्तर मीटर संपले तेव्हा ती नववी होती. पहिल्या तीन बाणांचं नुकसान इतक्यात भरून निघण्यासारखं नव्हतं.

जेवायच्या सुट्टीत भाभींनी डबा उघडला. तांदळाच्या भाकऱ्या आणि कोलंबीचं कालवण. स्मिताने तीन भाकऱ्या खाल्ल्या आणि चौथी मागितली. भाभी वाढत होत्या. मुस्तफासर म्हणाले, "करिमुन्निसा, तुला एक सांगायचं आहे. माझा खांदा..."

"चांगला हाय," भाभी म्हणाल्या. "जेवा."

"तुला माहीत होतं?"

"दुखऱ्या खांद्याचा मानूस त्याच कुशीवर झोपून घोरत नाय. म्हटलं, सांगायचं असेल तवा सांगतील."

"मग तेल का चोळत होतीस?"

"तुमी गप बसायचे तेवढा वेळ." त्यांनी स्मिताच्या ताटात आणखी कालवण घातलं.

साठ मीटरनंतर स्मिता सातवी होती. दुसऱ्या दिवशी पन्नास मीटरनंतर पाचवी. तीस मीटरवर लक्ष्य इतकं जवळ वाटतं, की तिथे कुणी फारसं चुकत नाही आणि म्हणूनच कुणाला फारसं पुढेही जाता येत नाही. स्मिता सावकाश, एकेक बाण लावत राहिली. शेवटच्या तीन बाणांच्या वेळी चौथ्या जागेवरच्या पंजाबच्या मुलीत आणि तिच्यात किती अंतर आहे हे तिने विचारलं नाही. मुस्तफासरांना ठाऊक होतं, पण त्यांनी सांगितलं नाही, नुसती टोपी काढून हातात धरली.

संध्याकाळी फळ्यावर नावं लागली. मीना दुसरी. स्मिता टिपणीस चौथी, तीन गुणांनी. तिने यादी एकदा वाचली, बेरीज स्वतः करून पाहिली, आणि ती बरोबर आली तशी पेंढ्याच्या ढिगावर जाऊन बसली. पाय लांब केले. इतका वेळ ती काहीच न करता कधी बसली होती, तिला आठवेना.

"बँकॉकला निळ्याकडेच बघ," मुस्तफासर म्हणाले. "तिथे प्रयोग नको. पण उद्यापासून सकाळी अर्धा तास वेगळा. पाच पावलांवर कोरा पेंढा. कागद लावायचा नाही, पिन काढून टाकायची, गुण मोजायचे नाहीत. नुसतं ओढायचं आणि सोडायचं. बोटांना पुन्हा शिकवायचं."

"याने बरं होतं?"

"लोक म्हणतात. मी कधी केलं नाही. लाजेपायी." त्यांनी टोपी डोक्यावर घातली. "दोघं करू."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला वाशीच्या प्लॉटवर दोघं पोचली तेव्हा दव पडलेलं होतं. मुस्तफासरांनी आठ वर्षांनी धनुष्य उचललं. पाच पावलांवर पेंढ्याची कोरी चकती, तिच्यावर ना पिवळं ना निळं. स्मिताने दोरी ओढली, डोळे मिटले आणि सोडलं. बोटं उघडली. बाण पेंढ्यात शिरल्याचा आवाज आला. तो कुठे लागला ते तिने पाहिलं नाही. पुढचा बाण काढला.

शेजारून मुस्तफासरांच्या बाणाचाही तसाच आवाज आला आणि त्यापाठोपाठ त्यांचा मोठा, सुटलेला श्वास. असे बाण सोडता सोडता साडेसात वाजून गेले.

"अजून एक?" स्मिताने विचारलं.

"बस चुकेल तुझी."

"चुकू दे की, सर. एकदाच."