मारबतीच्या दिवशी वाजलेली शिट्टी

मित्रांनो, पितळेचं अंग, पोटात बुचाचा एक मणी आणि मागे एक कडी, एवढंच माझं रूप. मी एक जुनी शिट्टी आहे. आता माझा रंग काळपट पडला आहे आणि तोंडाशी दातांच्या खुणा आहेत. आयुष्यात मी पुष्कळदा वाजले. त्यातल्या एका वाजण्याविषयी मला सांगायचं आहे. ते सांगणं सोपं नाही, म्हणून आधी थोडं मागचं सांगते.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला हे मला आठवत नाही. पत्र्यावर ठोका बसला, जोडाला कथलाचा डाग लागला, कोणीतरी फुंकून पाहिलं आणि मला खोक्यात टाकलं. माझी खरी आठवण सुरू होते ती शालिकरामच्या खिशात. शालिकराम नागपूरच्या एका कापड गिरणीत पहारेकरी होता. एकवीस वर्षं मी त्याच्या खाकी सदऱ्यात राहिले. फाटकावर गर्दी झाली की तो एकदा फुंकायचा. कुठे ठिणगी पडली की लांब तीनदा. तीनदा ऐकू आलं की माणसं हातातलं टाकून धावत यायची. मला माझा फार अभिमान वाटायचा.

नोकरी संपली तेव्हा त्याने खाकी कपडे परत केले, पण मला मागून घेतलं. एकाहत्तर साली त्याची एकुलती एक लेक प्रेमिला एका प्रसूतिगृहात आया म्हणून कामाला लागली. तिची आई ती लहान असतानाच गेली होती. बापलेक दोघंच. शहर बस प्रेमिलाला मोठ्या रस्त्यावर सोडायची. तिथून वस्तीपर्यंत दहा मिनिटांची वाट होती. एका बाजूला रेल्वेची लांब भिंत, दुसऱ्या बाजूला बंद गोदामं आणि बेशरमाची दाट झुडपं. त्या वाटेवर टवाळ माणसं बसायची.

एका संध्याकाळी प्रेमिला रडत घरी आली. दुसऱ्या दिवशी शालिकरामने मला काळ्या दोऱ्यात ओवून तिच्या गळ्यात घातलं. दोरा मुद्दाम कच्चा घेतला.

"हा तुटला तर?" प्रेमिलाने विचारलं.

"तुटलाच पाहिजे. कोणी वढला तर गळ्याले फास नाही बसला पाहिजे."

मग त्याने अंगणात तिला उभं केलं आणि तिचं मनगट घट्ट धरलं. "जोर नको लावू. मुठीत चार बोटं एकीकडं अन् आंगठा एकटा. आंगठ्याच्या बाजूनं हात फिरव अन् निंघ."

प्रेमिलाचा हात दोनदा अडकला, तिसऱ्यांदा सुटला. शेजारच्या जिजाबाई दारात उभ्या राहून पाहत होत्या.

"पोरीले पयलवान बनवून राहिला काय गा, दादा? उद्या नवऱ्याले आपटन ते."

"मारणं नाही शिकवून राहिलो, जिजाबाई. सुटणं शिकवून राहिलो. हात सुटला का पळायचं. मांगं फिरून दोन ठेवून द्याले थांबायचं नाही."

"मले बी शिकव मंग," म्हणत जिजाबाई अंगणात उतरल्या. त्यांनी असा काही हिसका दिला, की शालिकराम तुळशीवृंदावनाला जाऊन धडकला. प्रेमिला पोट धरून हसली. त्या घरातलं ते हसू मला अजून आठवतं.

त्याच रात्री सगळ्या वस्तीने ठरवलं. लांब तीन शिट्ट्या ऐकू आल्या की ज्याच्या हातात जे असेल ते घेऊन त्याने भिंतीकडे धावायचं. शालिकरामने एक नियमही केला. वस्तीत दुसरी कोणतीच शिट्टी वाजायची नाही. पोरांच्या जत्रेतल्या शिट्ट्यासुद्धा तो काढून घ्यायचा. पोरं कुरकुरायची, पण वस्तीत कोणाला माझ्या आवाजाविषयी शंका राहिली नाही.

उन्हाळ्यात एकदा एक माणूस बसपासून प्रेमिलाच्या मागे लागला. तिने मला तीनदा फुंकलं. जिजाबाई कणकेच्या हातांनी लाटणं घेऊन आल्या, त्यांच्यामागे चौदा माणसं. तो माणूस आपली सायकल तिथेच टाकून पळाला. त्या दिवशी जिजाबाईंनी मला चिंचेने घासलं. "हे शिट्टी नाही वं, हे तर आमची पोलीस चौकी हाये," असं म्हणून त्यांनी मला ऊन दाखवलं. मी किती चमकले!

मग पोळा आला. मित्रांनो, नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघते. काळ्या आणि पिवळ्या मारबतीचे मोठाले पुतळे मिरवत नेतात. 'इडा पीडा घेऊन जा गे मारबत' असं ओरडत शहर रस्त्यावर उतरतं. पुंग्या, शिट्ट्या, डफडी यांनी कान किटतात. त्याच संध्याकाळी तान्हा पोळा, म्हणजे पोरांचा, लाकडी बैलांचा पोळा. सकाळी वस्तीतली पोरं टिनाच्या शिट्ट्या लपवून शालिकरामसमोर उभी राहिली.

"बाबाजी, आज वाजवू द्या ना!"

शालिकराम हसला. "वाजवा रे. वर्साचा सण हाये. एक दिवस वाजवा."

प्रेमिला डबा घेऊन निघाली होती. ती दारात थबकली. "बाबा, मंग माही कशी वळखू येईन?"

"आज गावभर माणसं रस्त्यावर अस्तेत, बाई. भेव कायचं?"

बाळंतपणं सणासाठी थांबत नाहीत, म्हणून तिला सुट्टी नव्हती. ती गेली आणि मी तिच्याबरोबर गेले.

संध्याकाळी साडेपाच वाजता बसने तिला रस्त्यावर सोडलं. चांगलं ऊन होतं. वाट मात्र रिकामी होती. सगळी माणसं मारबतीकडे किंवा आपापल्या दारात बैल सजवत बसली होती. अर्ध्या वाटेवर झुडपांतून दोघं पुढे आले. तोंडाला दारूचा वास होता. एकाने तिचं मनगट धरलं.

तिने दुसऱ्या हाताने मला ओठांशी नेलं. तीन लांब शिट्ट्या. वस्ती तिथून दिसत होती, धुराडी दिसत होती, पोरांचा गलका ऐकू येत होता. कोणी आलं नाही. तिने पुन्हा तीनदा फुंकलं. माझ्या पोटातला मणी थरथरला. मी जीव तोडून वाजले.

तो माणूस हसला. "वाजव, वाजव. आज साऱ्या नागपुरात हेच वाजून राहिलं."

मित्रांनो, ते वाक्य मी विसरू शकत नाही, कारण ते खरं होतं.

प्रेमिलाने फुंकणं थांबवलं. तिने हात अंगठ्याच्या बाजूने फिरवला आणि झटक्यात ओढला. हात सुटला. दुसऱ्याने तिला गळ्याशी धरायला झडप घातली. त्याच्या मुठीत मी आणि दोरा आला. कच्चा दोरा तुटला. तिने पितळी डबा त्याच्या कोपरावर हाणला आणि ती पळाली. मागे वळून तिने पाहिलं नाही. त्या माणसाने मला चिखलात फेकलं, आणि वस्तीतून माणसं येतील या भीतीने दोघंही गोदामांकडे पळाले. माणसं मात्र आलीच नाहीत.

मी रात्रभर झुडपाखाली पडून होते. सकाळी शालिकराम आणि जिजाबाई आले. शालिकराम गुडघ्यांवर बसून गवत चाचपत होता.

"चौकीत तक्रार लिहून आलो ना आपण," जिजाबाई म्हणाल्या. "पोरगी सुखरूप हाये. काहून जिवाले लावून घेऊन राहिला?"

"तुम्ही मले इचारलं होतं, जिजाबाई."

जिजाबाईही खाली बसून गवत बाजूला करू लागल्या.

"तुम्ही म्हटलं, 'दादा, तीनदा वाजली काय गा?' मले बी ऐकू आली होती. एकवीस वर्सं मीच वाजवली, मले नाही वळखू येणार? पण मी पोराईच्या बैलाले बेगड लावून राहिलो होतो. म्हटलं, पोरं हायेत."

त्याला मी सापडले. त्याने मला धोतराच्या सोग्याने पुसलं.

घरी त्याने मला प्रेमिलापुढे धरलं. तिच्या मनगटावर निळे वळ होते. तिने मला घेतलं नाही.

"बाबा, तुम्हाले ऐकू आली होती ना?"

"हो."

"मंग हे घेऊन मी काय करू?"

शालिकरामने मला दाराजवळच्या खुंटीला अडकवलं.

चौथ्या दिवशी प्रेमिला कामावर गेली. नोकरी तिने सोडली नाही. रोज पाच वाजता शालिकराम काठी टेकत बसपर्यंत जायचा. दोघं परत यायची ती मागेपुढे चालत. त्या अंगणात ती दोघं पुन्हा हसताना मला ऐकू आली नाहीत. माझ्यावर धूळ बसली. दोन माणसं माझा एकच आवाज ऐकतात आणि तरी जागेवरून उठत नाहीत, याचं दुःख मला धुळीपेक्षा जास्त होतं. न उठलेला माणूस वाईट असता तर सोपं झालं असतं. तो तर मला सगळ्यांत जास्त ओळखणारा शालिकराम होता.

वर्षाने पुन्हा मारबत आली. पोरांनी शिट्ट्या आणल्या. शालिकरामने या वेळी मनाई केली नाही, हसलाही नाही. कुठेही शिट्टी वाजली की तो उठायचा, भिंतीच्या कोपऱ्यापर्यंत जायचा, बघायचा आणि परत यायचा. पुन्हा वाजली की पुन्हा. पोरं हसू लागली. मुद्दाम वाजवू लागली. तरी तो उठायचा. दुपारपर्यंत त्याला धाप लागली.

"बस ना गा, दादा," जिजाबाई कळवळून म्हणाल्या. "पोरंच हायेत."

"पोरंच हायेत, हे जाऊन पाहिल्यावर समजते, जिजाबाई."

प्रेमिलाची त्या दिवशी सकाळची पाळी होती. ती केव्हाची येऊन दारात उभी होती. तिने सगळं पाहिलं. तेवढ्यात भिंतीपलीकडे कोणीतरी फुंकलं. शालिकराम काठीवर भार देऊन अर्धा उठला. प्रेमिलाने त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं.

"तुम्ही बसा, बाबा. आता मी पाहून येते."

तिने खुंटीवरून मला काढलं, मुठीत धरलं आणि ती चालू लागली. भिंतीपलीकडे एक पोरगी लाकडी बैल ओढत शिट्टी वाजवत होती. दुसरं काही नव्हतं. तरी आम्ही जाऊन पाहिलं होतं.

मित्रांनो, मला घासून चकचकीत ठेवलं नाही तरी चालेल. शिट्टी कोणालाच वाचवत नाही, ती फक्त हाक मारते. ती हाक तुमच्या कानावर पडली तर आधी उठा. आवाज कशाचा आहे, ते घरात बसून ठरवू नका.