गोडाचा सोस

पाहुणे आले की हमीदाने गोड खायचं, हा मोहिद्दीनचा हुकूम होता. लेक फिझाचं लग्न ठरायचं होतं आणि आईला शुगर आहे हे बाहेर फुटलं तर स्थळ हातचं जाईल, ही त्याची धास्ती. म्हणून रोल्ला मोहल्ल्यातल्या त्यांच्या घरी कोणी येऊन बसलं, की तो टेबलाखालून बायकोच्या पायाला पाय लावी. ती बिचारी निमूट वाटी रिकामी करी.

मग तिच्या डोळ्यात वाळूचा कण गेला. बुबुळावर चरा पडला एवढासा, पण महिना झाला तरी भरेना.

"शुगरनं बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यातल्या पेशी बिघडल्यात," दवाखान्यात डॉक्टर स्वप्नाली म्हणाल्या. "त्यांच्यातल्या जीन्सचं काम बदलतं."

"जीन्स! म्हणजे खानदानी," मोहिद्दीन लगेच फुशारला. "हिच्या माहेरचंच असणार."

"नाही हो. जीन्स आहेत त्याच. पण शुगर वर्षानुवर्षं चढी राहिली, की त्यातल्या काही गप्प बसतात, काही नको तेवढ्या जोरात चालतात. मग जखम भरत नाही. माहेराला कशाला बोल लावता? ताटात काय वाढता ते बघा. हमीदाताई, पथ्य कोण मोडतं?"



"मलाच गोडाचा सोस, मॅडम," हमीदा खाली बघत म्हणाली.

डॉक्टरांनी तिला चांगलंच झापलं. हा बहाद्दर शेजारी बसून ऐकत राहिला. शरमेनं बायकोकडे बघवेना, पण तोंडही उघडेना.

शुक्रवारी कुबराआपा आल्या, फिझासाठी बघितलेल्या मुझम्मिलची आई, बोलणी पक्की करायला. फिझाने शेवयांची खीर आणली. हमीदाने आपणहून वाटी उचलली. आता पाय लावायचीही गरज उरली नव्हती.  मोहिद्दीनने वाटी तिच्या हातातून काढून घेतली.

"हिला शुगर आहे, आपा. कधीपासूनची."

"ते ठाऊक आहे, भाईजान. रोल्लात काय लपतं?" कुबराआपा हसल्या. "पण यांनाच जीभ आवरत नाही, असं वाटायचं. असते एकेकाला सवय."

 हेही हमीदाने मुकाट अंगावर घेतलं.

"तिला नाही सवय," मोहिद्दीन म्हणाला. "मी खायला लावायचो. तुमच्यापासून लपवायला. जीभ तिची नाही, माझी खोटी."

कुबराआपांनी आपली वाटी खाली ठेवली.

"फिझाचे अब्बा," हमीदा हळूच म्हणाली, "एवढं दवाखान्यात बोलला असतात, तर बरं झालं असतं."