विभावरीच्या ताटातला रोहू

चौतीस वर्षं मी संरक्षण कारखान्यात माल तपासायच्या खात्यात होतो. नापास करणं हेच माझं काम. सवय अशी मुरली की घरी पहिला घास घेतला की मीठ कमी की जास्त, हे सांगितल्याशिवाय मला दुसरा घास उतरायचा नाही. माझी बायको विभावरी म्हणायची, "उद्यापासून तुम्हीच करा जी." तो उद्या यंदा उजाडला.

विभावरीला आमवात झाला. शरीर स्वतःशीच भांडतं असा हा आजार, असं डॉक्टर म्हणाले. बोटं सुजली, मूठ वळेना. औषधं सुरू झाली आणि जोडीला आहारवाल्या बाईंनी दोन महिन्यांसाठी एक कागद हातात दिला. मिरची, टमाटर, वांगी, आलू बंद. दूध, अंडी, डाळ, पोळी, भात बंद. जिरं, मोहरी, धणेसुद्धा बंद, कारण त्या बिया. जिच्या रश्श्यानं नागपूरचे पाहुणेसुद्धा नाक पुसत उठायचे, त्या बाईच्या ताटात उकडलेला दुधी आला. तीन आठवडे तिनं तो मुकाट्यानं खाल्ला. मग चार घासांवर आली, मग दोनवर.

"काहून खाऊन नाही राहिली तू?" मी ओरडलो. घाबरलो की मी ओरडतो.

"मनच नाही होत जी," ती म्हणाली. "भूक लागतच नाही."

ब्लाउज खांद्यावरून ओघळायला लागला होता. तिनं एक वेळ तरी पोटभर, चवीनं जेवावं, एवढंच मला हवं होतं.

मी तो कागद पुन्हा वाचला. मासे चालतात, असं होतं आणि पुढे उदाहरण म्हणून सॅल्मन. आमच्या जबलपुरात नर्मदा आहे, समुद्र नाही, हे त्या बाईंना कोणी सांगितलं नसावं. खाईन तर तुपाशी, नाहीतर उपाशी, असला तो कागद. मी तो फेकणारच होतो, तेवढ्यात राइट टाउनला ऑफिसला निघालेली आमची लेक प्रणोती म्हणाली, "बाबा, रोहू भी तो मछली है. तोच भाजा नं. अच्छा लगेगा."

मग मी कारखान्यातलं काम हाती घ्यावं तसा कामाला लागलो. रिछाईच्या कारखान्यांच्या वस्तीत माझ्या ओळखीचं एक वर्कशॉप आहे. तिथून स्टीलच्या जाळीचे दोन तुकडे आणले, त्यांना बिजागरी लावली, कडी लावली. मासा आत धरायचा आणि जाळीच पलटायची, म्हणजे तुटायचा प्रश्न नाही. रविवारी सकाळी खिशात फूटपट्टी घालून मासळीवाल्या श्यामसुंदरकडे गेलो.

"सगळे तुकडे पाऊण इंच," मी म्हटलं. "कमी-जास्त नको."

"बाऊजी, मछली है, टाइल नहीं है," तो म्हणाला. पण कापले त्यानं बरोबर.

मिक्सरचं भांडं हुंगून पाहिलं तर त्यात वीस वर्षांची मिरची बसलेली. नापास. कोथिंबीर, पुदिना, कढीपत्ता, आलं, लसूण सगळं मी सुरीनं बारीक चिरलं. हळद, मीठ, लिंबू, खोबरेल तेल घालून माशाला चोळलं आणि अर्धा तास ठेवलं. चेरीतालच्या आमच्या आंगणात सिगडी पेटवली. मासा जाळीत धरून वर ठेवला, तेलाचा पहिला थेंब निखाऱ्यावर पडला तसा पुदिन्या-लसणाचा वास उठला. आत पडून राहिलेली विभावरी भिंतीला धरत बाहेर आली आणि खुर्चीवर बसली. मला इतका आनंद झाला की चिमटा सोडून मी हातानंच जाळी पलटवली आणि बोट भाजून घेतलं.

ताट वाढलं. मासा, बाजूला भाजलेलं रताळं. विभावरीनं वास घेतला, मान डोलावली आणि हात पदराखाली नेले.

"काय झालं? नापास?"

"वास तर लय छान येऊन राहिला," ती म्हणाली. "पण काटे आहेत नं जी. बोटं कुठे वळतात माझी?"

मी ताटाकडे पाहिलं. फूटपट्टी नेली, जाळी केली, कागद तोंडपाठ केला आणि काटे विसरलो. का विसरलो तेही तिथेच कळलं. छत्तीस वर्षांच्या संसारात माझ्या ताटात मासा विभावरीनं काटे काढूनच वाढला होता. रोहूला काटे कमीच असतात, अशी माझी समजूत होती. मला माझीच लाज वाटली.

मी हात धुतले, चष्मा लावला, खुर्ची तिच्याजवळ ओढली.

"पाठीकडून घ्या," ती शिकवू लागली. "दाबू नका. बोटानं चाचपा. डोळ्यांना नाही दिसत ते."

पहिल्या तुकड्याचा मी पार भुगा केला. तिनं तो चमच्यानं तोंडात घातला, हळूहळू चावला आणि जिभेवरून एक बारीक काटा काढून माझ्या ताटाच्या काठावर ठेवला.

"नापास," विभावरी म्हणाली आणि खुदकन हसली. पथ्य सुरू झाल्यापासून पहिल्यांदा.

प्रणोतीही हसली, मीही हसलो. दुसऱ्या तुकड्यात एकच काटा निघाला, तिसऱ्यात एकही नाही. रताळं संपलं. माझा मासा थंड होत होता, पण मला उठवत नव्हतं. ती जेवत होती, नीट, चवीनं, चमच्याला लागलेली कोथिंबीरसुद्धा चाटून.

शेवटी मी माझा घास घेतला आणि चपापलो. पण छत्तीस वर्षांत पहिल्यांदाच काही बोललो नाही.

"मीठ कमी आहे जी," विभावरी म्हणाली आणि चौथ्या तुकड्यासाठी ताट पुढे केलं.