फुंकरबाबा आणि फुगलेलं पाकीट

गुहेसमोर पाय ठेवायला जागा नव्हती. माणसं दगडांवर, कठड्यावर, माझ्या ट्रकच्या टपावरसुद्धा चढून बसली होती. मधोमध घोंगडीवर रस्त्याच्या कामावरचा एक मजूर आडवा पडला होता. ओठ निळे, छाती भात्यासारखी चाललेली. दुपारी वरच्या वस्तीतून माझ्याच ट्रकमध्ये घालून त्याला खाली आणलं होतं. फुंकरबाबा बाहेर आले, डोळे मिटले, मजुराच्या छातीवर तीनदा फुंकर मारली आणि म्हणाले, "घेतला. विषारी वारा मी माझ्या पोटात घेतला."

संध्याकाळपर्यंत मजूर उठून बसला. दुसऱ्या दिवशी त्याने चहा मागितला, तिसऱ्या दिवशी विडी. मग कोणाच्या मनात शंका उरते? गर्दी पायांवर लोटली. बाबांनी पोटातला विषारी वारा एक लांबलचक ढेकर देऊन मोकळा केला, तर लोकांनी त्या ढेकरेलाही हात जोडले.

खोटं कशाला बोलू, पहिली दोन वर्षं मीही जोडत होतो.

आमची वस्ती डोंगरात इतक्या उंचावर की तिथे झाड उगवत नाही. दगडी भिंतींची चाळीस घरं, छपरांवर वाळत घातलेली लोकर, एक शाळा, एक बहुतेक वेळा कुलूपबंद आरोग्य केंद्र आणि बाराही महिने वारा. पाणी चटकन उकळतं, पण त्यातला बटाटा दुपार झाली तरी कच्चाच. हिवाळ्यात सगळी वस्ती मेंढरं घेऊन खालच्या मैदानात उतरते आणि बर्फ वितळलं की परत चढते. पूर्वी ही चढण सात-आठ दिवसांची होती. मेंढरं बसतील तिथे मुक्काम, ती उठतील तेव्हा निघायचं. मग रस्ता झाला, मी ट्रक घेतला आणि सकाळी मैदानात निघालेला माणूस संध्याकाळी आपल्या उंबऱ्यावर पोचू लागला. पहिल्या फेरीला लोकांनी माझ्या गळ्यात हार घातला होता.

त्याच वर्षी दुखणं सुरू झालं. खालून आलेला माणूस दोन-तीन दिवसांत खोकायला लागायचा, धाप लागायची, ओठ निळे पडायचे. लोकांनी निदान केलं की रस्त्यासाठी सुरुंग लावले म्हणून डोंगर कोपला. डोंगर कोपायचा तर आधी ठेकेदारावर कोपला असता, आणि तो तर टुणटुणीत होता. पण एवढा विचार करायला कोणाला वेळ नव्हता. ट्रकवर मात्र कोणी बोट ठेवलं नाही. मीही नाही, कारण ट्रक माझा होता.

अशा वेळी बाबा उगवतातच. हे मूळचे कुठले, आधी काय करत होते, हे कोणी विचारलं नाही. वस्तीच्या खाली दोन तासांच्या उतारावर, जिथे आम्ही ट्रकवाले झऱ्याचं पाणी इंजिनात घालायला थांबतो, त्या वळणावरच्या गुहेत त्यांनी बस्तान मांडलं. गिऱ्हाईक आपसूक थांबतं अशी जागा चहावाल्यालाही कळते, बाबांनाही कळली. त्यांचा नियम एकच होता. "रोग्याने माझ्याकडे यायचं आणि तीन दिवस राहायचं. मी वर येणार नाही." लोक म्हणायचे, केवढं कडक व्रत! व्रत कसलं, बाबांना चढणीचा कंटाळा होता. त्यांच्या आळसाने किती जीव वाचवले, हे त्यांना स्वतःलाही माहीत नव्हतं.

माझा दादा बाबांचा सगळ्यात मोठा भक्त. वस्तीत त्याच्या शब्दाला मान, आणि त्याच्या लेखी बाबांचा शब्द म्हणजे शेवटचा. मागच्या वर्षी त्याच्याच पुढाकाराने वस्तीच्याही वर, खिंडीत, बाबांसाठी पत्र्याचं छप्पर आणि काचेच्या खिडक्यांचा मठ उभा राहिला. खिंडीतून दोन्हीकडच्या खोऱ्यांतली गर्दी येणार होती. आता बाबा जीपमधून जाणार होते, त्यामुळे चढण न चढण्याचं व्रतही सुटलं. गुहेत लोक शेळ्या बांधायला लागले.

मठात पहिला रोगी गेला तो वहिनीचा बाप. सत्तरीचा मेंढपाळ, हिवाळा संपवून माझ्या ट्रकने एका दिवसात वर आला होता. तिसऱ्या दिवशी धाप लागली. दादा सासऱ्याला पाठीवर घेऊन खिंड चढला. बाबांनी तीनदा फुंकर मारली. म्हातारा दुसऱ्या दिवशी सकाळी गेला.

"श्रद्धा कमी पडली," बाबा म्हणाले.

पंधरा दिवसांनी एक गवंडी तसाच गेला. त्याचीही श्रद्धा कमी पडली. गुहेत असताना कोणाचीच श्रद्धा कमी पडत नव्हती, खिंडीत दोघांची लागोपाठ पडली, तरी वस्तीतल्या एकाही शहाण्याला त्यात नवल वाटलं नाही. उलट दादाने लोकांना श्रद्धा वाढवायला सांगितलं. वहिनीने बापाची काठी दाराच्या मागे उभी करून ठेवली.

या उन्हाळ्यात आरोग्य केंद्राला अखेर एक नर्स मिळाली. तिशीच्या आतली, सडपातळ, आणि तोंडाने फटकळ. सगळे तिला सिस्टर म्हणायचे. आल्या आल्या तिने पूर्वी आजारी पडलेल्यांच्या घरी जाऊन एकच प्रश्न विचारला, कुठून आलात आणि किती दिवसांत आलात. लोकांना वाटलं, पोलिसात होती की काय. एक दिवस मी दुकानाचा माल उतरवत असताना तिने वेफर्सचं पाकीट उचललं. ते फुग्यासारखं टम्म झालं होतं.

"ड्रायव्हरसाहेब, हे खाली भरलंत तेव्हाही असंच होतं?"

"छे. खाली चपटं असतं. वर येताना फुगत जातं. कधी कधी एखादं फुटतंही. परत नेलं की पुन्हा बसतं."

"साधारण कुठे बसायला लागतं?"

मी आठवून सांगितलं, "उतरताना गुहेच्या वळणावर फरक कळतो."

ती हसली. "म्हणजे पाकिटालाही बाबा पावतात. अहो, वर हवा विरळ आहे. बाहेरून दाब कमी, म्हणून आतली हवा पसरते. म्हणूनच इथलं पाणी लवकर उकळतं आणि बटाटा शिजत नाही. मेंढरांमागून आठ दिवसांत चढणाऱ्याच्या शरीराला सवय व्हायला वेळ मिळतो. तुम्ही माणसाला एका दिवसात वर टाकता. मग कोणाकोणाच्या फुप्फुसात पाणी भरतं. त्याला खाली नेलं की उतार पडतो. फुंकर मारा नाहीतर शिवी द्या."

"म्हणजे गुहेतले सगळे..."

"खाली आणले म्हणून वाचले. आणि खिंडीत नेलेले दोघं आणखी वर नेले म्हणून गेले. ट्रक बंद करा म्हणत नाही मी. गुहेपाशी दोन रात्री मुक्काम करा, मग वर या."

मी मान डोलावली. मला पटलं होतं. पण पटणं आणि वागणं यात आमच्याकडे खिंडीएवढं अंतर असतं. आठवड्याभरात दादाची मुलगी कॉलेजच्या सुट्टीला आली. वस्तीतली कॉलेजात गेलेली पहिली मुलगी. वर्षभर मैदानात राहिलेली. गुहेच्या वळणावर मी ट्रक थांबवला, दोन रात्रींचं बोललो. ती म्हणाली, "काका, घर समोर दिसतंय. आईला आजच भेटायचंय." माझं काळीज विरघळलं आणि मी गिअर टाकला. बाबांना मूर्ख म्हणणारा हा शहाणा.

तिसऱ्या दिवशी सकाळी पोरीला चार पावलं चालवेना. खोकल्यातून गुलाबी फेस येत होता. सिस्टरचा एकुलता एक ऑक्सिजन सिलिंडर भरायला खाली गेलेला होता. ती म्हणाली, "आत्ता खाली न्या. थांबू नका." मी फाट्यावर ट्रक लावायला पळालो. वस्तीच्या टोकाला रस्ता फुटतो, एक वर खिंडीत जातो, दुसरा खाली. तोवर दादाने पोरीला खाटेवर घालून चार जणांच्या खांद्यावर दिलं होतं आणि खाट वरच्या रस्त्याला लागली होती. मागे सगळी वस्ती.

मी आडवा उभा राहिलो. "दादा, खाली ने तिला."

"बाबा वर आहेत."

"दवाखाना खाली आहे."

"तू ट्रक चालव. डॉक्टर व्हायला जाऊ नकोस." दादा दुष्ट नव्हता. घाबरलेला बाप होता, आणि असल्या बाबांचं पोट घाबरलेल्या बापांवरच चालतं.

सिस्टरने वेफर्सचं पाकीट सगळ्यांसमोर धरलं आणि मला सांगितलं ते सगळं पुन्हा सांगितलं. गर्दीतून कोणीतरी म्हणालं, "पाकिटाला काय कळतंय?" दुसरा म्हणाला, "माणूस म्हणजे काय वेफर आहे?" लोक हसले. खाटेवर पोरगी श्वासासाठी झगडत होती आणि लोक हसले, हे मी मरेपर्यंत विसरणार नाही.

तेवढ्यात खिंडीकडून हॉर्न वाजवत जीप आली. मागच्या सीटवर बाबा आडवे. निळे ओठ, अर्धवट उघडे डोळे, दाढीवर फेस. महिनाभर शहरात प्रवचनं झोडून ते तीन दिवसांपूर्वी एका दमात थेट मठात चढले होते.

बाबांचा पट्टशिष्य खाली उतरला. "बाजूला व्हा. बाबा समाधीत आहेत. जीप तापलीय, पुढे जाणार नाही. तुमचा ट्रक द्या."

सिस्टर म्हणाली, "समाधीत आहेत तर वरच राहू द्या ना. खाली कशाला?"

"हवापालटाला."

"एवढी चांगली हवा सोडून?"

शिष्य घामाघूम झाला होता. तो ओरडला, "अहो, वर श्वास घेता येत नाहीये त्यांना. मरतील ते."

मग कोणी हसलं नाही. वर निघालेली खाट आणि खाली निघालेली जीप एकमेकींसमोर उभ्या होत्या. वहिनी पुढे आली. गेल्या वर्षी तिच्या बापाला पाठीवर घेऊन याच रस्त्याने वर गेलेल्या नवऱ्याकडे तिने बघितलं आणि शांतपणे म्हणाली, "बाबांची श्रद्धा कमी पडली वाटतं. माझी पोर खाली जाणार. तुम्हाला वर जायचं तर जा."

खांदेकऱ्यांनी दादाच्या हुकमाची वाट बघितली नाही. खाट ट्रकमध्ये चढली. लोकरीच्या गठ्ठ्यांवर एका बाजूला पोरगी, दुसऱ्या बाजूला बाबा. सिस्टरचं म्हणणं पडलं की रोगी तो रोगी. माझ्या हातात असतं तर मी बाबांना जीप निवेपर्यंत वाट बघायला लावली असती.

पुढचे दोन तास मी कसा ट्रक चालवला ते सांगता येत नाही. मागून खोकला ऐकू येत होता, तोवर जीवात जीव होता. गुहेच्या वळणावर मी इंजिनात पाणी घालायला उतरलो आणि मागे डोकावलो. सिस्टरने वहिनीच्या हातात दिलेलं पाकीट सैल पडलं होतं. पोरीचे ओठ अजून फिके होते, पण निळे नव्हते. ती म्हणाली, "काका, चुकलं माझं." मी म्हणालो, "चूक माझी." एवढंच बोलवलं.

पलीकडे बाबांनीही डोळे उघडले. आजूबाजूला बघितलं. गुहा ओळखीची, गठ्ठ्यापलीकडे बरी होत असलेली रोगी, ट्रकच्या फळीला लटकलेली दोन-चार भक्त मंडळी. धंदा रक्तात असतो. बाबा कोपरावर रेलून उठले, पोरीच्या छातीच्या दिशेने हात केला आणि क्षीण फुंकर मारली. "घेतला," ते पुटपुटले.

वहिनीने तो हात धरून त्यांच्याच छातीवर ठेवला. "आधी स्वतःचा घ्या."

दोघंही खालच्या दवाखान्यात चार दिवस राहिले, शेजारशेजारच्या वॉर्डांत. दोघांना एकच औषध, एकच ऑक्सिजन. बाबा पाचव्या दिवशी मागच्या दाराने निघून गेले. आता दुसऱ्या कुठल्यातरी डोंगरात असतील, तिकडच्या लोकांनी सांभाळावं.

वस्तीचं म्हणाल तर ती एका दिवसात शहाणी झाली असं समजू नका. पुढच्या फेरीला बघतो तर निम्म्या घरांच्या दारांवर वेफर्सची फुगलेली पाकिटं टांगलेली. आजार येऊ नये म्हणून. सिस्टरने घरोघर जाऊन ती उतरवली आणि शाळेच्या पोरांना वाटून टाकली.

पोरगी घरी परतली ती गुहेपाशी दोन रात्री राहून. त्या संध्याकाळी वहिनीने सिस्टरला घरी बोलावलं. दादा भिंतीला टेकून बसला होता. वहिनीने विचारलं, "सिस्टर, खरं सांगा. माझ्या बापाला त्या दिवशी खाली नेलं असतं तर?"

सिस्टर म्हणाली, "बहुतेक वाचले असते."

वहिनीने मान हलवली. दादा उठून बाहेर गेला. परत आला तेव्हा सासऱ्याची काठी त्याच्या हातात होती. दुसऱ्या दिवसापासून तो गुहेच्या वळणावर ती काठी घेऊन उभा असतो. वर जाणारा प्रत्येक ट्रक अडवतो, माझासुद्धा, आणि माणसांना उतरवतो. दोन रात्री, मग पुढे. कोणी विचारलं, कोणत्या देवाची आज्ञा, तर म्हणतो, कोणाची नाही, हवेचा हिशेब आहे, आरोग्य केंद्रात विचारा.

तुम्हालाही माझं सांगणं एवढंच आहे. कोणी बरा झाला तर बाबांच्या पाया पडण्याआधी विचारा की त्याला कुठून कुठे आणलं होतं, किती दिवसांत, आणि जे बरे झाले नाहीत त्यांचं काय झालं. प्रश्न विचारल्याने डोंगर कोपत नाही. मी दोन वर्षं विचारले नाहीत, आणि आमच्या वस्तीच्या दोन माणसांना आम्ही उचलून वर मरायला नेलं.