कलिंगडांखालची पृथ्वी

शेषनागाने पृथ्वी डोक्यावर धरली आहे, असं ऐकून आहे. पण आमच्या दाऊद बागवानाने ती सायकलच्या कॅरिअरवर बांधून नेलेली मी या डोळ्यांनी पाहिली आहे. खोटं वाटत असेल तर शेवगाव तालुक्यात कुणालाही विचारा. ज्यांनी पाहिलं त्यातले बरेचसे आता हयात नाहीत, ते एक माझ्या पथ्यावर पडलं.

गोष्ट बाहत्तर सालच्या उन्हाळ्याच्या तोंडची. आमच्या बाजूला गावं सहा, शाळा सहा, आणि पृथ्वीचा गोल सगळ्यांत मिळून एक. तोही आसाराम मास्तरांच्या शाळेचा. तपासणीच्या दिवशी मात्र टेबलावर गोल दिसायलाच हवा. नाही दिसला तर मास्तरची बदली थेट अकोले तालुक्याच्या डोंगरात, अशी भीती. म्हणून साहेब एका गावात चहाला बसले की दाऊद कलिंगडांच्या पाटीत गोल लपवून पाणंदीने पुढच्या गावी सुटायचा. जीपला सडकेचा फेरा पडे. दाऊद असा पळायचा की त्याची सावली वाटेत बाभळीखाली दम खात बसे. घासून घासून उत्तर ध्रुवाला टक्कल पडलं होतं आणि कलिंगडाचं पाणी सांडून अरबी समुद्राला मुंग्या लागल्या होत्या. एकदा बाजारात आक्काबाईने त्यावर टिचकी मारून पाहिली आणि म्हणाली, "ह्ये पोकळ हाय रं दाऊद, दुसरं दाव."

गंमत अशी, की कागदावर सहा गोल झाले. मग नवा कोण देणार?

आमचे कानिफनाथ गुरुजी वर्षभर कवठावर भूगोल शिकवत. पृथ्वीच्या पोटात काय असतं, असं विचारलं की सातवीतली रंगू सांगायची, "गर! गूळ घातला की लई ग्वाड लागतो." पोरं हसत. गुरुजीही हसत, पण मला म्हणत, "बापू, एकदा तरी यांच्या हातात खरा गोल द्यायचाय. सातवी झाली की ही रंगू घरी बसणार. मग जन्मभर कवठच."

त्या दिवशी तपासणीला नवे साहेब आले आणि दाऊदचा पत्ता नाही. मी शाळेच्या ओट्यावर सुंभ वळत बसलो होतो. खिडकीतून सगळं दिसत होतं. गुरुजींची टोपी घामाने भिजली होती.

"पृथ्वीचा गोल?" साहेबांनी विचारलं.

"आहे... म्हणजे होता, साहेब. फुटला."

आता साहेब खवळणार, असं मला वाटलं. साहेब खुलले.

"सुटलो बुवा! एक नवा गोल जीपमध्ये घेऊन फिरतोय. ज्या शाळेत नाही तिला द्यायचा, तर सकाळपासून जाईन तिथं गोल हजर! आता ड्रायव्हरला आणायलाच सांगतो."

गुरुजी टेबलाला धरून उभे राहिले. रंगूने शेजारणीला असं कोपर मारलं की ती कळवळली.

तेवढ्यात दाराशी सायकल आदळली.

"गुरुजी, माफी करा! पंक्चर झाल्ती." उन्हातून आलेल्या दाऊदला आतल्या अंधारात साहेब दिसलेच नाहीत. त्याने पाटी उतरवली, कलिंगडं बाजूला सारली आणि गोल टेबलावर ठेवला. "घ्या तुमची पिरथमी. कुटं फुटली न्हाई, का चिरली न्हाई."



"फुटला होता ना?" साहेब म्हणाले.

गुरुजींनी तोंड उघडलं. गोल मागून आणलाय म्हणावं, तर कुणाकडून हे आलं. मग आसाराम मास्तर आले, मग बाकीची गावंही आली.

"दुरुस्तीला दिला होता. आत्ताच आला."

"छान." साहेबांनी गोल फिरवला. "यालाही वर टक्कल! आजचे सगळे असेच दिसले. एकाच कंपनीचा माल असणार."

त्यांनी 'गोल आहे, सुस्थितीत' असं लिहिलं आणि ते जीपकडे निघाले.

पोरं टेबलाभोवती तुटून पडली. रंगूने समुद्रावरच्या मुंग्या फुंकून उडवल्या. "गुरुजी, आपलं गाव कुटंय?"

"मुंबईच्या जरा उजवीकडं... थांब." गुरुजी बोट टेकवायला गेले, तर त्यांच्या नखाखाली अख्खा नगर जिल्हा झाकून गेला. "नख काढा की, गुरुजी!" म्हणत रंगूने तिथं आपलं बोट टेकवलं.

"गुरुजी, द्या लवकर," दाऊद दारातून म्हणाला. "जीप फाट्याला लागली. म्होरल्या गावात भीमा मास्तर वाट बघत्यात."

गुरुजी हलले नाहीत. मग गुरुजींनीच रंगूचं बोट गोलावरून हळूच उचललं.

दाऊदला काय वाटलं कोण जाणे, त्याने एक कलिंगड टेबलावर ठेवलं. "आजच्या दिस ह्याच्यावर भागवा."

सडकेने नवी पृथ्वी खोक्यासकट गेली आणि पाणंदीने जुनी. दोन्हींचा धुरळा मला ओट्यावरून दिसत होता.

आत गुरुजी कलिंगडावर खडूने आडवी रेघ ओढत होते. गुळगुळीत सालीवर खडू सरकत होता, उमटत नव्हता. ते पुन्हा ओढत, पुन्हा पुसट.

"गुरुजी, कापायचं का?" रंगूने विचारलं.

"थांब गं," गुरुजी म्हणाले. "आधी विषुववृत्त तरी उमटू दे."