मुखदर्शनाच्या आदल्या दिवशी

काळाचौकीच्या मंडळाच्या गणपतीवरचा पडदा उद्या सरणार होता आणि आजच अपूर्वाला तिच्या मित्राचा, ज्युलियनचा फोन आला. "अपूर्वा, तुमच्या बाप्पाचे डोळे काय सुरेख रंगवलेत गं! साइटवर सगळं उघडंच आहे."

मंडळाची वेबसाइट सांभाळणाऱ्या अपूर्वाने लगेच लॅपटॉप उघडला. उद्यासाठी चढवून ठेवलेल्या फोटोंची यादी सर्व्हर येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत होता. तिने ती यादी बंद केली, फोटो काढून घेतले, रखडलेलं अपडेटही उरकलं. सर्व्हरच्या नोंदी तपासल्या, तर ज्युलियनशिवाय कोणीच फिरकलं नव्हतं.

तिने ज्युलियनला उलट फोन लावला. "कुठे बोललास तर मोदक बंद!"

"मोदकांसाठी मुका होतो, बस?"

दुसऱ्या दिवशी पडदा सरला, तेव्हा पहिल्यांदाच बघितल्यासारखा ज्युलियनच सगळ्यांत मोठ्याने ओरडला. अपूर्वाला हसू आवरेना.