भाड्याने मिळणारा आदिवासी

मी आदिवासी बोलतोय. दचकू नका, खरा नव्हे. शनिवार पेठेतल्या मालनबाईंच्या दुकानात फॅन्सी ड्रेससाठी भाड्याने मिळतो ना, तो. एका बाजूला गाजर, दुसऱ्या बाजूला सिंह, मधल्या हँगरवर मी.

मला कासिमभाईंनी शिवलं. मालनबाईंनी मोबाइलवर एक चित्र दाखवलं: कमरेला पानं, अंगावर बिबट्याचे ठिपके, डोक्याला पिसं, गळ्यात हाडं.

"बाई, असे लोक राहतात कुठे?" कासिमभाईंनी विचारलं.

"राहतात कुठेतरी जंगलात. तुम्ही शिवा."

एवढ्या माहितीवर माझा जन्म झाला. पानं रेक्झिनची, हाडं प्लॅस्टिकची, पिसं कोंबडीची, रंगवलेली. सोबत एक पुठ्ठ्याचा भाला आणि तोंडाला फासायला काळ्या रंगाची डबी.

गॅदरिंगच्या दिवसांत मला उसंत नसते. हडपसरपासून हिंजवडीपर्यंत सगळ्या शाळा मी पाहिल्या आहेत. उंच सोसायट्यांतली गोरीगोमटी पोरं मला चढवून 'हू हू' करत नाचतात आणि त्यांच्या आया 'सो क्यूट' म्हणत फोटो काढतात. या लोकांना मी इतकी वर्षं सहन करतोय. पण या वर्षी मार्केट यार्डाजवळच्या एका शाळेत जे झालं, त्यानंतर मला माझीच शिसारी आली आहे.

तिथे गॅदरिंग बसवणाऱ्या प्रेमला मॅडमनी तालमीसाठी मला दहा दिवस आधीच नेलं आणि नववी 'अ'च्या वर्गात खिडकीच्या खिळ्याला टांगलं. त्यामुळे वर्गात काय चालतं ते सगळं मला फुकटात बघायला मिळालं.

तिथे ललिता केंगले होती. महादेव कोळी समाजातली, गाव भीमाशंकरकडच्या डोंगरात. वडील सीताराम मार्केट यार्डात हमाल. गणिताच्या चाचणीत तिला पंचवीसपैकी चोवीस मिळाले, वर्गात सगळ्यांत जास्त. दुसरी पूर्वा, तिला बावीस. ज्याला सर्वांत जास्त गुण, त्याचं नाव आंतरशालेय गणित स्पर्धेला जाणार होतं. स्पर्धा गॅदरिंगनंतरच्या रविवारी.

गणिताच्या दिग्विजय सरांनी तिचा पेपर दोनदा उलटून पाहिला. "तू कोणाशेजारी बसली होतीस?"

"एकटीच होते सर."

"बरं. ये, फळ्यावर सोडवून दाखव."

पूर्वाला नाही बोलावलं. तिचे बावीस बावीसच होते, त्यांना पुरावा लागत नव्हता. ललिता गेली, समीकरण मांडलं, दोन ओळी बरोबर लिहिल्या. तेवढ्यात ऑफिसमधले क्लार्क शिष्यवृत्तीची यादी घेऊन दारात आले. "एसटी कोण आहे? उभं राहा." दरवर्षी हे असंच विचारतात, सगळ्या वर्गादेखत. ललिता उभीच होती. मागून कोणीतरी म्हणालं, "सर, ती तर स्टेजवरच आहे." वर्ग खदखदून हसला. तिसरी ओळ तिला सुचली नाही. खडू हातात तसाच राहिला.

सर रागावले नाहीत. रागावले असते तर परवडलं असतं. ते मायेने म्हणाले, "असू दे, बस. तुम्हाला कशाला एवढा ताण? तुमच्या जागा ठरलेल्याच असतात. मार्क आहेत, तर नाव घालतो मी तुझं."

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ललिता सरांच्या टेबलापाशी आली. "सर, माझं नाव काढा. मला नाही जमणार."

"नक्की?"

"हो सर. ते चोवीस चुकून आले असतील."

मी खिळ्यावर होतो, माझं कोण ऐकतं. पण मला तिच्या थोबाडीत मारावीशी वाटली आणि सरांच्या दोन. त्या पोरीला आपलेच गुण खरे वाटेनासे झाले होते आणि सरांनी शांतपणे पेनाने रेघ मारून पूर्वाचं नाव घातलं. त्या दिवसापासून ललिता गणिताच्या तासाला वहीच्या मागच्या पानावर वेली काढत बसायची. सरांनी ते पाहिलं आणि ते पुढच्या बाकाकडे वळले. बहुधा त्यांना ते अपेक्षितच होतं.

मग प्रेमला मॅडम आल्या. त्या फार प्रेमळ. त्यांच्यासारख्यांची मला जास्त भीती वाटते. "ललिता, फॅन्सी ड्रेसमध्ये भाग घे की. हा ड्रेस तुला अगदी सूट होईल. तुला काही शिकवावंही लागणार नाही." ललिता हो म्हणाली. त्या आठवड्यात या शाळेने तिला 'तुला हे येईल' असं म्हटलेली ती एकच गोष्ट होती.

शुक्रवारी गॅदरिंग. पूर्वाची आई मुलांचा मेकअप करायला बसली होती. तिने काळ्या रंगाची डबी उघडली, ललिताकडे पाहिलं आणि बंद केली. "हिला कशाला? वाचला आपला रंग." सगळ्या बायका हसल्या. ललिताही हसली. त्या हसण्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

माइकवर 'जंगल की रानी' असा पुकारा झाला. ललिता भाला घेऊन नाचली, 'हू हू' केलं, जीभ काढली, इतरांपेक्षा मोठ्याने. पहिलं बक्षीस मिळालं. मागच्या रांगेत सीताराम इस्त्रीचा शर्ट घालून बसला होता. अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून आला होता बिचारा. त्याने सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या. मला आधी वाटलं, हा माणूस निर्लज्ज आहे. कार्यक्रम संपल्यावर तो स्टेजमागे आला, कौतुकाने माझी पिसं चाचपून बघितली आणि लेकीला विचारलं,

"झ्याक नाचलीस. ही कुठली मानसं गं?"

ललिता खाली बघत म्हणाली, "आपण, बाबा."

त्याला कळेना. त्याच्या वाडीत असं कोणी कधी नेसलं नव्हतं. त्याच्या आईने जन्मभर लुगडं नेसलं, बापाने धोतर. त्याने पुन्हा माझ्याकडे पाहिलं, पानांकडे, हाडांकडे. मग हात मागे घेऊन शर्टाला पुसला.

"आन तू हो म्हनलीस?"

ती रडायला लागली आणि रडता रडता फळ्यापासून सगळं सांगितलं.

शनिवारी सकाळी सीताराम शाळेत आला. मला परत करण्यासाठी ललिताने पिशवीत घातलं होतं, म्हणून मीही तिथे होतो. "सर, तिचं नाव परत घाला."

"अहो, यादी गुरुवारीच गेली. आणि मी नाही काढलं. तिनेच सांगितलं काढायला, विचारा तिला."

"ती म्हनली आसंल. तिच्या तोंडात ते कुनी घातलं, त्ये इचारतोय."

सरांनी घड्याळात पाहिलं. "तुम्ही लोक ना, लगेच मनाला लावून घेता. पहिलं बक्षीस मिळालंय, आनंद माना."

ललिताने पिशवी टेबलावर ठेवली, सरळ सरांच्या वहीवर. "सर, चोवीस माझेच होते," ती म्हणाली. मग ती बापाबरोबर निघून गेली. रविवारी स्पर्धेला पूर्वा गेली असेल. सोमवारी ललिता वर्गात आली की नाही, मला माहीत नाही. ते मला कोण सांगणार?

आता मी पुन्हा हँगरवर आहे. पुढच्या आठवड्यात कोथरूडची एक शाळा मला नेणार आहे. तुम्हीही कधीतरी याल, पोराच्या अंगाला लावून बघाल, मोबाइल काढाल. मी येईन, माझा इलाज नाही. जमलं तर मला फाडा, जाळा, पायपुसणं करा, माझी तक्रार नाही. तेवढं होत नसेल, तर मला चढवताना पोराला निदान खरं सांगा. कुठल्याही डोंगरात, कुठल्याही वाडीत मला घालणारी माणसं राहत नाहीत. ती पुण्यात राहतात.